डोळे न मिटता केलेलं ध्यान

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष होतं. बीड बायपासच्या पलीकडं, शहराच्या कडेच्या सातारा नावाच्या भागात आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. आमच्या कॉलनीत तेव्हा अकरा घरं होती, बाकी सगळी पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारलेली मोकळी जमीन. शहर आमच्या दिशेनं येत होतं, पण पाण्याची लाइन आली नव्हती. होळीच्या आधीच सगळ्यांचे बोअर आटले. मग आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा आणि घराखालच्या हौदात पाणी टाकून जायचा.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. नवरा वाळूजला कारखान्यात, शिफ्टमध्ये. मुलगी त्या वर्षी पुण्याला शिकायला गेलेली. ज्या दिवसाबद्दल सांगते आहे तो रविवार होता. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. टँकर दुपारी येणार होता आणि हौद कोरडा पडला होता. तळाशी वीतभर गाळ. मला वाटलं, नवीन पाणी पडायच्या आत तो काढून टाकावा. नवऱ्यानं बजावलं होतं की मी आल्याशिवाय आत उतरायचं नाही. पण तो तीनला येणार, टँकर दोनला.

मी झाकण सरकवलं, लाकडी शिडी सोडली आणि उतरले. हौद सात-साडेसात फूट खोल. आत ब्लीचिंग पावडरचा वास आणि अंगाला चिकटणारा उकाडा. तासभर गाळ भरून बादल्या वर नेल्या. शेवटची बादली घेऊन चढताना शिडीची पायरी मोडली. मी गाळात आपटले, शिडी आडवी पडली आणि तिचा एक खांब मधोमध चिरला. परत उभी केली की वजन टाकताच ती वाकायची. उडी मारून पाहिली. हौदाचं तोंड माझ्या बोटांच्या वर वीतभर राहायचं. फोन स्वयंपाकघरात होता. शेजारच्या दोन्ही घरांतले लोक सुट्टीला गावी गेलेले.

मी हाका मारल्या. हौदात हाक मारली की ती आपल्याच कानावर परत आदळते. थोड्या वेळानं गप्प बसले आणि ठरवलं की टँकरवाला येईलच, त्याला सांगू.

तो एक तास आधी आला. ट्रक थांबल्याचं ऐकू आलं, हॉर्न ऐकू आला. तो ओरडला, "हाय का कुणी?" मी जीव खाऊन "आहे, आहे" म्हटलं. पण ट्रकचं इंजिन चालूच होतं. त्याला आमचं घर माहीत होतं, कुणी नसलं तरी तो पाणी टाकून जायचा. झाकण उघडंच होतं. वरून जाड पाइप आत आला, उजेड बंद झाला, आणि पाणी सुटलं.

पाणी पाठीवर पडलं तेव्हा मी खाली बसले. तोंडात, नाकात गाळाचं पाणी गेलं. उठायला गेले की धार पुन्हा पाडायची. कोपऱ्यात सरकले, पण आता काही दिसत नव्हतं. पाणी गुडघ्याला आलं, मग मांडीला. मला पोहता येत नाही. मी श्वास घ्यायचे आणि तो अर्ध्यावरच अडकायचा. मग काय सुचलं कोण जाणे, मी धारेत घुसून पाइप दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढायला लागले. सोडायचा, ओढायचा. पाणी कमरेच्या वर आलं होतं तेव्हा ते थांबलं. पाइप वर गेला. एक डोकं आत वाकलं.

"बाई, तुमी आत व्हता व्हय?"

त्यानं पालथं पडून मला दोन्ही हातांनी वर ओढलं. पन्नाशीचा माणूस होता, दंडावरच्या शिरा फुगलेल्या. मला बाहेर ठेवून तो स्वतःच जमिनीवर बसला.

"म्या आवाज दिला व्हता," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पाइप हिसके खायला लागला म्हून बघितलं. नायतर म्या तिकडं बिडी प्यायला चाललो व्हतो."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "उरलेलं पाणी टाकून घ्या." पाणी परत जाईल, पुन्हा आठ दिवस मिळणार नाही, हे त्या क्षणी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, उठला आणि उरलेला टँकर रिकामा केला. त्या गढूळ पाण्यानं आम्ही आठ दिवस भांडी घासली. पायरी मोडली एवढं मी नवऱ्याला सांगितलं, बाकी काही नाही.

चौथ्या दिवशी अंघोळ करताना डोक्यावर तांब्या ओतला आणि श्वास बंद झाला. म्हणजे मला तसं वाटलं. छातीवर कुणी गुडघा दाबलाय, हात बधिर होतायत, आता आपण मरणार. पाच-सात मिनिटांत सगळं गेलं. पुढच्या आठवड्यात परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजन करताना पुन्हा तेच. खिडक्या उन्हामुळं बंद केलेल्या, दार लोटलेलं. मुलं खाली मान घालून लिहितायत आणि मी भिंतीला टेकून मरते आहे, असं ते दृश्य. बेल झाली, मी पेपर गोळा केले, कुणाला काही कळलं नाही.

मग मला भीतीचीच भीती बसली. लिफ्ट सोडली. रिक्षात कडेला बसायला लागले. स्कार्फ बांधून बाहेर पडणं बंद केलं, मेच्या उन्हात. नवऱ्यानं डॉक्टरकडं नेलं. हृदयाचा आलेख निघाला, तो चांगला होता. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. ध्यानधारणा करा."

तेव्हापासून ध्यानाबद्दल मला प्रत्येकजण काही ना काही सांगायला लागला. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मेणबत्तीच्या ज्योतीकडं टक लावून बसायला सांगितलं. मी बसले. पाचव्या मिनिटाला ज्योत लहान होत गेली आणि तिच्या भोवतीचा काळोख मोठा. मी फुंकर मारून उठले. चित्रकलेच्या सरांनी दहा दिवसांच्या मौन शिबिराचं नाव काढलं. ते तिथून येऊन अगदी शांत झाले होते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. उन्हाळ्याची सुट्टी होती. मी अर्ज भरला. मानसिक त्रास आहे का, या प्रश्नापुढं "नाही" लिहिलं. खोटं आहे हे लिहिताना कळत होतं.

शिबिराची जागा गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. फोन जमा केले, बोलणं बंद. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं मांडी घालून बसायची. सूचना साधी होती: डोळे मिटा, नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघा. त्याला काही करू नका, नुसता बघा.

इतरांना ते जमत असावं. मी श्वासाकडं बघायला गेले की तो थांबायचा. मग मी तो मुद्दाम ओढायचे. ओढला की अर्ध्यावर अडकायचा, अगदी तसाच. मिटल्या डोळ्यांमागं उजेड नव्हताच, आणि पंख्याचा घरघर आवाज हळूहळू पाण्याचा व्हायला लागायचा. दुसऱ्या दिवशी मी शिकवणाऱ्या ताईंपाशी गेले. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "जे येतं ते येऊ द्या. ते जाणारच आहे. तुम्ही फक्त साक्षी राहा."

त्यांना मी हौदाचं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या कदाचित दुसरं काही म्हणाल्या असत्या. मी खोलीत आले आणि ठरवलं की बघत राहायचं.

चौथ्या दिवशी दुपारी हॉलचे पडदे ओढले होते, दिवे मालवले होते. तासभर हलायचं नाही असा नियम. वीसेक मिनिटं झाली असतील. पाणी मांडीपर्यंत आलं. मला कळत होतं की मी कोरड्या सतरंजीवर बसले आहे, तरी पाणी मांडीपर्यंत आलं होतं. मी साक्षी राहिले. ते कमरेला आलं. मग मी उठले आणि बसलेल्या माणसांना धक्के देत दाराकडं पळाले. कडी सापडेना. शेवटी दार उघडलं आणि मी बाहेरच्या पायऱ्यांवर पडले, उन्हात, तोंड उघडं टाकून.

ताई बाहेर आल्या. त्यांनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. घरी जायचं म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला. "अर्धवट सोडू नये. मनाची शस्त्रक्रिया चालू आहे, मधेच उठून कसं चालेल?"

त्यांनी ते काळजीनं म्हटलं होतं. मी नवऱ्याला बोलावून संध्याकाळी घरी आले, पण ते वाक्य घेऊन आले. आता मला नवीन भीती होती: मी उघडी जखम घेऊन उठले आहे आणि ती आता कधीच बंद होणार नाही.

आठवडाभरानं एसटीनं पैठणला आईकडं गेले. माझे वडील तहसीलमध्ये कारकून होते, आजोबा भिक्षुकी करायचे. आईला ही शिबिरं वगैरे पसंत नव्हती.

"आपल्या घरात जप आहे," ती म्हणाली. "त्यात काय निवडायचं? माळ घे, नाव घे, मन आपोआप बसतं."

तिनं स्वतःची तुळशीची माळ मला दिली. मी डोळे उघडे ठेवून ओसरीवर बसले. पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी नाव घेत नाही, मणी ढकलते आहे. एकशे आठ पुरे व्हायच्या आत श्वास अडकला तर काहीतरी होईल, असं मनानं ठरवून टाकलं होतं. मी भराभर मणी ओढायला लागले. आईनं माझा हात धरला.

"अगं, कुणी मागं लागलंय का?"

मी म्हटलं, "हो." तिनं खूप विचारलं, मी सांगितलं नाही. परत येताना बसच्या खिडकीतून धरणाचं पात्र दिसत होतं. पाणी इतकं मागं गेलं होतं की भेगाळलेल्या चिखलावर लोक मोटरसायकली चालवत होते. सगळे प्रवासी त्याकडं बघून हळहळत होते. मला मात्र कोरडी जमीन बघून बरं वाटत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

आमच्या कॉलनीत तिसऱ्या घरात एक निवृत्त नर्स राहायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नोकरी केलेली. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्या रोज पहाटे तासभर ध्यानाला बसतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मी शिबिर सोडून आले तीच पद्धत त्यांची. म्हणून मी त्यांना टाळत होते.

एका सकाळी त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. "मॅडम, तुम्ही चौथ्या दिवशी परत आलात म्हणे."

मी म्हटलं, "मला नाही जमलं, सिस्टर. माझ्यातच काहीतरी दोष आहे."

"एकच गोळी सगळ्या पेशंटला देतात का?" त्या म्हणाल्या. "मला ते मानवलं. तुम्हाला नसेल मानवत आत्ता. उद्या सहाला चपला घालून या. डोळे मिटायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्या मला मागच्या मोकळ्या प्लॉटांवर घेऊन गेल्या. तिथं चुन्याची एक लांब रेघ होती. त्या म्हणाल्या, "या रेघेवरून तीस पावलं जायचं, थांबायचं, वळायचं, परत यायचं. लक्ष तळपायात ठेवायचं. टाच टेकली, पंजा टेकला, उचलला. श्वासाचं नाव काढायचं नाही, तो त्याचं बघून घेईल."

"एवढंच?"

"एवढंच. हे पण ध्यानच आहे. भिक्खू लोक करतात."

आम्ही शेजारशेजारच्या दोन रेघांवरून चालायचो, दहा मिनिटं. मला पहिल्यांदा कुत्र्यांची भीती वाटली, मग कुणी बघेल याची. पण समोर उजेड होता, चारी बाजूंनी रस्ता होता, आणि कधीही थांबायची मुभा होती. तिसऱ्या आठवड्यात बायपासकडून एक टँकर वळला आणि आमच्या बाजूनं गेला. त्याच्या मागच्या नळातून पाणी गळत होतं. माझे पाय जागच्या जागी रुतले, हात बधिर झाले. सिस्टर आपली रेघ सोडून माझ्यासमोर आल्या. त्यांनी मला हात लावला नाही.

"डोळे उघडे आहेत ना? काय दिसतंय ते सांग."

पहिल्यांदाच त्या मला एकेरी बोलत होत्या.

"लिंब," मी म्हटलं. "विटांचा ढीग. तुमची चप्पल."

"अंगठा कसा आहे चपलेचा?"

"शिवलेला. काळ्या दोऱ्यानं."

"आता उजवा पाय उचल."

उचलला. टाच टेकली, पंजा टेकला. भीती गेली नाही. ती माझ्याबरोबर दहा पावलं चालली, वळताना होती, परतताना पातळ झाली. पण मी पळाले नव्हते. मग विटांच्या ढिगावर बसून मी त्यांना हौदाचं सगळं सांगितलं. त्या कुठंही "अरे देवा" म्हणाल्या नाहीत. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मालकांना माहीत आहे?"

"नाही."

"आज सांग. आणि दवाखान्यात माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, मनाच्या. त्यांच्याकडं सोमवारी जाऊ. चालण्यानं सगळं भागत नाही."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो ऐकत राहिला. मग हौदाची लांबी-रुंदी आठवून म्हणाला, "पाच हजार लिटरचा टँकर. पाणी तुझ्या छातीपर्यंतच आलं असतं." हा हिशेब मीही नंतर केला होता, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. त्यालाही ते कळलं असावं. तो उठून आत गेला, तोंड धुऊन आला, डोळे लाल होते.

"मला घाबरून सांगितलं नाहीस?"

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वेल्डरला आणून हौदाच्या भिंतीत लोखंडी पायऱ्या बसवून घेतल्या. मला तिकडं बघायलाही बोलावलं नाही, ते मला फार बरं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी काही महिने गोळ्या दिल्या आणि बोलायला बोलावलं. शिबिराचं ऐकून म्हणाल्या, "अशा प्रसंगानंतर डोळे मिटून आत बघणं काहींना झेपत नाही. त्यात तुमचा कमकुवतपणा नाही. जखमेचं म्हणाल, तर ती तुम्ही शिबिरातून आणली नाहीत." त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत मी इतका लांब श्वास सोडला नव्हता.

चालणं चालू राहिलं. प्लॉट विकले जात होते. एक दिवस आमच्या रेघांवर पाया खणलेला दिसला, आम्ही पलीकडं सरकलो. तिथं कंपाउंड आलं, आणखी पलीकडं गेलो. दोन वर्षांत आम्ही डोंगराच्या दिशेनं पाऊण किलोमीटर गेलो असू. पाऊस झाला, धरण भरलं, सगळ्यांनी पेढे वाटले. मला भरलेलं धरण बघायला जायला आणखी एक वर्ष लागलं.

मग सिस्टरचे गुडघे गेले. त्या म्हणाल्या, "आता तू एकटीनं चाल." मी त्यांच्या पार्किंगमध्ये खुर्चीजवळ बसले होते. सहज म्हटलं, "तुमचं पण चालणं सुटलं. तुम्हाला वाईट वाटत असेल."



"मला चालणं कधीच मानवलं नाही," त्या म्हणाल्या. "मी जळीत वॉर्डाला अकरा वर्षं होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळायचं, परत यायचं. दोन्ही बाजूंना खाटा. तुझ्याबरोबर त्या रेघेवर वळले की मला त्या बायका दिसायच्या. म्हणून तर मी बसायला शिकले. बसलं आणि डोळे मिटले की मला शांत वाटतं."

दोन वर्षं, रोज सकाळी. मी विचारलं, "मग आलात कशाला?"

"तू एकटी कशी गेली असतीस?" त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला सांगितला.

त्यानंतर मी त्यांच्याच पार्किंगमध्ये चालायला लागले. तिथं तीस पावलं मावत नाहीत, चौदा मावतात. त्या खुर्चीत डोळे मिटून बसतात. कधी त्यांच्या मिटलेल्या चेहऱ्याकडं बघून मला धसका बसतो की त्यांना आत काही दिसत तर नसेल. मग त्या एक डोळा उघडून माझ्याकडं बघतात आणि पुन्हा मिटतात.

शाळेतल्या नव्या बाई कधी विचारतात, मॅडम, कुठलं ध्यान चांगलं? मी पद्धतीचं नाव सांगत नाही. मी विचारते, डोळे मिटल्यावर तुम्हाला काय दिसतं? त्या हसतात. एकजण मात्र हसली नाही. तिला मी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

माझी भीती पूर्ण गेलेली नाही. गेल्या आठवड्यात शाळेच्या सामानाच्या खोलीत आली. वारा सुटला, दार मागून लागलं, बल्ब नव्हता. मी दार उघडून विटेनं अडवलं, खोलीत पाच-सहा पावलं टाकली, परत फिरले, पुन्हा टाकली. मग फळीवरचा पृथ्वीगोल काढला, त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि सातवीच्या वर्गावर गेले.